पाट (ग्रामीण विदर्भ)

विधवेचा किंवा फारकत झालेल्या बाईचा रूढीने मान्य असलेला दुसरा विवाह. ‘मोहतूर’ हा पर्यायी शब्द. बसायच्या पाटाशी (सं. पट्ट) लावलेला संबंध ग्राह्य वाटतो. विधी रात्री, मांडव-वाजंत्रीशिवाय. नवे लुगडे, हातात बांगड्या, एवढ्यावर भागे. ‘लग्नाची’ आणि ‘पाटाची’ हा फरक मात्र बाईला जन्मभर चिकटे.

कुणबी, माळी, तेली अशा शेतीत राबणाऱ्या जातींत पाट चाले. ब्राह्मणांत नसे, देशमुखी घराण्यांत कमीपणाचा मानत. याचे कारण जातीच्या वळणापेक्षा बाईच्या कामात शोधणे अधिक योग्य. निंदण, कापूसवेचणी, पूर्वेकडे धानाचा रोवणा (भातलावणी) बायांच्याच हातचा. असा हात रिकामा बसवणे कोणत्याच घराला परवडत नसे. जमीनदार घरात मात्र विधवा पाट लावून दुसऱ्या घरी गेली की वाट्याचा प्रश्न उभा राही. धाकट्या दिराशी पाट लावण्यामागे हा हिशेब बहुधा असावा.

वादाचा मुद्दा वारशाचा. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याने हिंदू विधवेला पुनर्विवाहाची परवानगी दिली, पण त्याच्या कलम २ नुसार पुनर्विवाह करणारी विधवा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क गमावी. पण ज्या जातींत पाट आधीपासूनच होता, त्यांना हे कलम लागू होते का? अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मत ‘नाही’ असे. मुंबईच्या पूर्णपीठाने १८९६ च्या सुमारास उलट कौल दिला. वऱ्हाडात हिंदू कायद्याचा मुंबई संप्रदाय (अर्थ लावण्याची मुंबईकडची परंपरा) प्रामुख्याने मानत, त्यामुळे हा कौल तिथे महत्त्वाचा. अलाहाबादचे मत अधिक न्याय्य वाटते: ज्यांना परवानगीची गरजच नव्हती, त्यांच्यावर परवानगीची किंमत लादली गेली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने नवऱ्याकडून मिळालेला वाटा विधवेच्या पूर्ण मालकीचा झाला. नंतरच्या पुनर्विवाहाने तो जात नाही. १८५६ चा कायदा १९८३ मध्ये रद्द झाला.

कागदावर हे उतरायला वेळ लागला. जुन्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून थोरल्या पुरुषाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) दिसते, विधवेचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात. त्या रकान्यातल्या बाईला सासरा दोन वेळचे जेवण देई, पीककर्जाचा कागद नाही. वारस फेरफारात तिचे नाव कब्जेदारांत आले आणि मुले अज्ञान (कायद्याने वयात न आलेली) असली तर त्यांच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ (अज्ञान पालनकर्ता आई) लागले, की ती वायली (वेगळी) निघू शकते, स्वतःची चूल मांडू शकते. शेतकरी आत्महत्यांनंतर आई आणि मुले एवढेच असलेली अशी घरे ठळक झाली. यांतल्या अनेकजणी दुसरी सोयरीक करत नाहीत. जमीन राखायची असते, मुलांना दुसऱ्या घरी सांभाळतील याची खात्री नसते, आणि बचत गटातून बियाण्यापुरते कर्ज उभे राहू शकते.

गडचिरोलीतील गोंड व मेळघाटातील कोरकू या अनुसूचित जमातींना १९५६ चा कायदा त्याच्याच कलम २(२) मुळे आपोआप लागू होत नाही. तेथे वारसा रूढीने ठरतो.