मॅफ का मॅप? हवेचा सेन्सर घरी बदलायच्या आधी हे बघा

स्पेअरच्या दुकानात जाऊन नुसतं 'हवेचा सेन्सर द्या' म्हटलं की काउंटरवरचा माणूस विचारणारच, मॅफ पायजे का मॅप? मॅफ म्हणजे मास एअर फ्लो, हवा किती जाते ते मोजणारा, आणि मॅप म्हणजे मॅनिफोल्ड अ‍ॅब्सोल्यूट प्रेशर, हवेचा दाब मोजणारा. इथंच निम्मी लोकं अडकतात, कारण दोन्ही काळ्या प्लॅस्टिकचे, दोन्हीला कपलर म्हणजे वायरचा प्लग, आणि दोन्हीपैकी कुठलाही बिघडला तरी पिकअप जातो नि चेक लाइट लागते. मॅफ बहुतेक वेळा महाग पडतो, त्यामुळं अंदाजानं आणून लावून बघू हा प्रकार परवडत नाही. त्यात इलेक्ट्रिकल पार्ट एकदा बसवला की दुकानदार सहसा परत घेत नाही.

आधी जागा बघा. एअर फिल्टरच्या डब्यातनं जाडा पाईप इंजिनाकडं जातो, डब्यातनं बाहेर पडल्या पडल्या त्यावर बसलेला असतो तो मॅफ. त्याच्या आत बारीक तार किंवा पातळ पट्टी असते, करंट देऊन ती तापवलेली असते, हवा वरनं गेली की ती गार व्हायला बघते, बशीतल्या चहावर फुंकर मारल्यासारखं, आणि तिला गरम ठेवायला किती करंट जादा लागला त्यावरनं ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरला, कळतं की सेकंदाला किती ग्रॅम हवा आत गेली. मॅप असतो पार पुढं, इनटेक मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागावर) नाहीतर त्याच्या जवळच्या पाईपावर. तो हवा मोजतच नाही, तिथला दाब मोजतो, मग आरपीएम आणि हवेचं तापमान धरून किती हवा गेली असेल त्याचा हिशेब ईसीयू स्वतः करतो.

सगळ्या गाड्यांत दोन्ही नसतात. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या नुसत्या मॅपवर चालतात, तिथं मॅफ शोधत बसलात तर दिवस जाईल पण सापडणार नाही. टर्बो डिझेलला मात्र सहसा दोन्ही असतात, उदाहरणार्थ फियाटचं ते १.३ मल्टिजेट, जे स्विफ्टमध्येपण आलं आणि इंडिका व्हिस्टामध्येपण. डिझेलमध्ये मॅफचं मोठं काम ईजीआर (जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) किती उघडायचा हे ठरवायचं, आणि मॅप तिथं टर्बोचा बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, बघतो.

आता खरी गंमत इथनं पुढं आहे, कारण सेन्सर चांगला असूनही पाईप फाटला की दोष सेन्सरवर येतो. मॅफवाल्या पेट्रोल गाडीत मॅफच्या पुढचा पाईप चिरला तर तिथनं घुसलेली हवा कुणी मोजलेलीच नसते, ईसीयू पेट्रोल कमी सोडतो, मिश्रण पातळ होतं, आयडलिंग वरखाली होतंय, मिसिंग येतंय, स्कॅनरवर (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचायच्या यंत्रावर) पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ असल्याचा कोड दिसतो. तीच गळती मॅपवाल्या गाडीत झाली तर मॅनिफोल्डचा दाब वाढतो, तो मॅपला कळतो, पेट्रोलपण वाढतं, म्हणून गाडी फारशी अडखळत नाही, आयडलिंगच चढून बसतं. टर्बो डिझेलचं उलटंच! टर्बोच्या पुढचा होज फाटला की मॅफनं मोजलेली हवा वाटेतच फुस्स होते, डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशोबानं जातं, मग काळा धूर आणि गगनबावड्याच्या चढाला गाडी उठतच नाही. मॅप बिचारा बूस्ट कमी आहे म्हणून खरं तेच सांगत असतो, आणि आपण त्यालाच काढून फेकतो. म्हणून आधी होज हातानं दाबून, वाकवून बघा, क्लॅम्प ढिला आहे का बघा, हे फुकटातलं काम आहे.

स्कॅनर लावला तर पी०१०० ते पी०१०४ हे मॅफचे कोड आणि पी०१०५ ते पी०१०९ मॅपचे. पण कोड म्हणजे निकाल न्हवं, ती नुसती तक्रार. मॅप तपासायचा सोपा उपाय सांगतो. इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करायची आणि स्कॅनरच्या लाइव्ह डेटात दाब बघायचा, बाहेरच्या हवेचा जेवढा दाब तेवढाच तिथं दिसायला पायजे. आपलं कोल्हापूर समुद्रापास्नं साधारण साडेपाचशे मीटर उंच, म्हणजे इथं ९५ किलोपास्कलच्या आसपास यायला पायजे. आंबा घाट उतरून रत्नागिरीला गेलात तर १०१ च्या जवळ, पन्हाळ्यावर ९० च्या आसपास. त्यामुळं इंटरनेटवर १०१ वाचून इथं ९५ दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही, ७० नाहीतर ११५ दिसला तर मात्र संशय घ्या. मग गाडी चालू करा, साध्या, बिनटर्बोच्या पेट्रोल इंजिनला आयडलिंगवर तो ३० ते ४० पर्यंत पडतो. डिझेलला असा पडत नाही, तिथं बिघाड समजू नका.

मॅफला असा पक्का आकडा नाही. पेट्रोलला गरम इंजिनवर, एसी बंद ठेवून, आयडलिंगवर जितक्या लिटरचं इंजिन सेकंदाला तितके ग्रॅम किंवा थोडं जास्त, एवढा ढोबळ अंदाज. रेस केल्यावर आकडा झरझर चढला पायजे, रेंगाळत चढला तर तार मळलीय. ऊसाच्या हंगामात आपल्याकडं रस्त्याला जी धूळ उडते, त्यात फिल्टर स्वस्तातला किंवा नीट न बसलेला असला की ती सगळी तिथंच जाऊन बसते. म्हणून नवीन घ्यायच्या आधी मॅफ क्लीनरचा स्प्रे मारून बघा, पूर्ण सुकू द्या मगच लावा. कार्ब क्लीनर मारायचा नाही, कापसानं पुसायचं नाही, पंक्चरवाल्याच्या हवेचा फवारा तर अजिबात नाही, तार गेली म्हणून समजा. मॅपचं दुखणं वेगळं, त्याच्या तोंडाशी ईजीआरची काजळी आणि तेल साचतं, ते हलक्या हातानं काढलं तर बऱ्याचदा भागतंय.

बदलायचं काम खरं सोपं आहे. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह काढा, कपलरचं लॉक दाबून काढा, वायर धरून ओढू नका. मॅफला सहसा दोन स्टार स्क्रू, मॅपला एखादाच बोल्ट. मॅफच्या अंगावर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो इंजिनाकडं. ओ-रिंग नवीन टाका, प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डात बोल्ट जोर लावून आवळू नका. आणि जुना सेन्सर सोबत घेऊन दुकानात जा, पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळवा, दिसायला सेम असलेल्याचं कॅलिब्रेशन वेगळं असतंय आणि मग गाडी नव्या सेन्सरवरपण तश्शीच धक्के मारते. शेवटी कोड क्लिअर करून पंचवीस-तीस किलोमीटर हायवेला मारून या. तोच कोड परत आला तर दुसरा सेन्सर घ्यायला पळू नका, कपलरच्या पिना नि वायरिंग बघा, मॅपच्या कपलरला पाच व्होल्ट नि अर्थिंग येतंय का ते मीटर लावून तपासा.