घरबसल्या पदवी: आरोग्य, गणित आणि समाजकार्य यांपैकी कशाचा अर्ज चालतो, कशाची फी बुडते

बारावीचा निकाल लागला की नांदेड-लातूरच्या विजेच्या खांबांवर पाट्या चढतात. ‘घरबसल्या डीएमएलटी’ (म्हणजे वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा), ‘एका वर्षात पदवी’, ‘परीक्षेचं टेन्शन नाही’. खाली फक्त मोबाइल नंबर. विद्यापीठाचं नाव फोन केल्यावर कळतं, तेही कधीकधी फी भरल्यावर. म्हणून या माहितीची सुरुवात तुमच्या कागदपत्रांपासून करत नाही. पहिला कागद विद्यापीठाने दाखवायचा असतो. तो म्हणजे तोच अभ्यासक्रम, त्याच सत्रात, त्याच पद्धतीने शिकवायची परवानगी.

ही परवानगी विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, 2020 च्या नियमावलीनुसार देतं. काम पाहतो त्यांचा डिस्टन्स एज्युकेशन ब्युरो, ज्याला सगळे डीईबी म्हणतात. डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठवार यादी असते. ती उघडून तीन गोष्टी जुळवायच्या: अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, शैक्षणिक सत्र (जुलै-ऑगस्ट किंवा जानेवारी-फेब्रुवारी) आणि पद्धत, म्हणजे ‘मुक्त व दूरस्थ’ की ‘ऑनलाइन’. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर थांबू नका. एकाच विद्यापीठाच्या एम.ए.ला परवानगी असते आणि एम.एस्सी.ला नसते, असं सर्रास दिसतं. नियमाप्रमाणे घेतलेली पदवी नेहमीच्या कॉलेजातल्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. ‘आमची फ्रँचायझी आहे’ असं कुणी अभिमानाने सांगितलं तर मात्र तिथून उठा, कारण फ्रँचायझीला या नियमावलीत मनाई आहे.

दूरस्थ आणि ऑनलाइन यांत फरक आहे. दूरस्थमध्ये पुस्तकं आणि अभ्यासकेंद्र असतं, आणि राज्य विद्यापीठाला आपल्या हद्दीतच केंद्र चालवता येतं. ऑनलाइनमध्ये शिकवणं संकेतस्थळावर, परीक्षा देखरेखीखाली, आणि प्रवेश देशात कुठूनही. आपल्या भागात दूरस्थसाठी लोकांच्या ओळखीची नावं दोन. 1989 मध्ये सुरू झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, ज्याची विभागीय केंद्रं छत्रपती संभाजीनगरला आणि नांदेडला आहेत. आणि 1985 पासूनचं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. किनवटच्या किंवा भूमच्या मुलीने प्रवेशाआधी एकच प्रश्न लावून धरावा: परीक्षाकेंद्र कुठे येईल? अभ्यास घरून होतो. पेपरला एसटीनेच जावं लागतं.

आरोग्य: इथे दार बहुतेक बंद आहे

वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी यांच्या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने मिळतच नाहीत. हे जुनंच आहे. नवं काय, तर यूजीसीने जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून 2021 च्या ‘संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय’ कायद्यात येणारे अभ्यासक्रमही या दोन्ही पद्धतींतून काढले. त्यात मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि आहारशास्त्र येतं. बी.ए.ला तीन-चार विषयांतला एक मानसशास्त्र असेल तर तेवढा विषय गळतो, बाकीची बी.ए. चालू राहते. मनाई नव्या प्रवेशांना आहे. तरीही 2025 च्या आधीची माहितीपत्रकं अजून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतात. ‘एम.ए. सायकॉलॉजी, ऑनलाइन’ असं वाचलं की आधी पत्रकावरची तारीख बघा.

डीएमएलटीवाल्या पाटीचं उत्तर यातच आलं. रक्त तपासायला, एक्स-रे काढायला हात बसावा लागतो आणि तो प्रयोगशाळेतच बसतो. त्यामुळे नोकरीच्या वेळी नोंदणीचा प्रश्न आला की घरबसल्या घेतलेला कागद उपयोगी पडत नाही. आरोग्यातच जायचं असेल तर रस्ता नेहमीच्या कॉलेजचाच: नर्सिंगला सीईटी, फिजिओथेरपीला नीट, आणि कॉलेज नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे का याची खात्री.

मग ऑनलाइन काय उरतं? ‘स्वयम्’ या सरकारी मंचावरचे सुटे अभ्यासक्रम. सार्वजनिक आरोग्य, पोषण असे विषय तिथे मिळतात. शिकणं फुकट, प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी. आशाताई, अंगणवाडीताई किंवा आरोग्यसंस्थेत काम करणाऱ्यांना ज्ञानासाठी ते चांगले आहेत. मात्र त्याने दवाखाना थाटता येत नाही, पॅथॉलॉजीच्या अहवालावर सही करता येत नाही. हे दोनदा सांगावं लागतं, कारण तसं मानणारे भेटतात.

गणित: इथे घरबसल्या खरंच जमतं

गणिताला प्रयोगशाळा लागत नाही, वही लागते. त्यामुळे तिन्हींमध्ये ऑनलाइन पद्धत सगळ्यात जास्त मानवते ती या विषयाला. पदवीसाठी बारावी, आणि बी.एस्सी.साठी बहुतेक ठिकाणी बारावीला गणित. एम.एस्सी. किंवा एम.ए. गणितासाठी पदवीला गणित असणं ही अट जवळपास सगळीकडे असते. ते किती वर्षं आणि किती टक्क्यांनी, हे विद्यापीठागणिक बदलतं. इथे नुसत्या शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर भागत नाही. गणित किती सत्रं घेतलं ते दिसावं म्हणून सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका लागतात. हरवल्या असतील तर दुय्यम प्रतीसाठी आपल्या विद्यापीठाकडे आताच अर्ज टाका. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव या जिल्ह्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीसाठी स्वामी रामानंद तीर्थ. नांदेडचं विद्यापीठ 1994 मध्ये झालं. त्याआधी पदवी घेतली असेल तर तुम्ही या चार जिल्ह्यांचे असलात तरी कागद संभाजीनगरचाच आहे, अर्ज तिकडे.

गणिताला लागून असलेली एक वाट आपल्याकडची पोरं उगाच सोडतात: आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची बी.एस. पदवी. जेईई लागत नाही, वयाची अट नाही. बारावी पास आणि दहावीला गणित व इंग्रजी, एवढी पात्रता. अर्ज केला की चार आठवड्यांचा अभ्यास मिळतो, दर आठवड्याला स्वाध्याय, आणि मग केंद्रावर जाऊन पात्रता परीक्षा. ती पास झाला तरच प्रवेश. मधेच थांबलात तर टप्प्याप्रमाणे प्रमाणपत्र किंवा डिप्लोमा हाती लागतो. जात-प्रवर्ग आणि उत्पन्नाप्रमाणे फीत 75 टक्क्यांपर्यंत सूट आहे. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाचा दाखला अर्जाच्या आधी हातात असलेला बरा. शिकवणं इंग्रजीत आहे, ही अडचण खरी आहे आणि पहिल्या दोन महिन्यांत ती टोचते.

नुसतं एखादं प्रकरण पक्कं करायचं असेल तर स्वयम्‌वर एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाचे, 4, 8 आणि 12 आठवड्यांचे अभ्यासक्रम आहेत. गुण स्वाध्यायाचे 25, परीक्षेचे 75. तुमच्या विद्यापीठाने मान्य केलं तर सत्राच्या 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) स्वयम्‌मधून घेता येतात. कॉलेजला आधी विचारा, परीक्षा दिल्यावर नव्हे.

समाजकार्य: प्रवेश सोपा, क्षेत्रकार्य अवघड

बी.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, बारावी; एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे पदव्युत्तरला, कुठल्याही शाखेची पदवी. इग्नूचा एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचा, पूर्ण करायची मुदत चार वर्षं. पात्रतेत यापेक्षा फारसं काही नाही. अडतं ते क्षेत्रकार्यात. एखाद्या संस्थेत जाऊन, मार्गदर्शकाच्या हाताखाली काम करून, त्याचे अहवाल लिहून द्यावे लागतात. ते नाही झालं तर बाकीचे पेपर सुटूनही पदवी अडकते. म्हणून अर्ज करायच्या आधी आपल्या तालुक्यातली संस्था शोधून ठेवा आणि ‘आम्ही विद्यार्थी घेतो’ एवढं त्यांच्याकडून वदवून घ्या.

आणि हंगाम बघा. बीड, जालना, धाराशिवच्या बऱ्याच संस्था ऊसतोड कुटुंबांबरोबर काम करतात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यावर जातात आणि उन्हाळा लागताना परततात. मधल्या काळात वस्तीवर म्हातारी माणसं आणि काही लेकरं. तुमचं क्षेत्रकार्य नेमकं डिसेंबरात पडलं तर भेटी कुणाला देणार? वस्तीशाळा, हंगामी वसतिगृह किंवा थेट कारखान्याचा तळ असा विषय घेतला तर तोच काळ सोन्यासारखा आहे. मार्गदर्शकाशी हे पहिल्याच भेटीत बोला.

एक सावधगिरी. वर सांगितलेल्या 2021 च्या कायद्याच्या यादीत वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ता हे व्यवसायही आहेत. दवाखान्यातली नोकरी डोळ्यासमोर ठेवून ‘वैद्यकीय समाजकार्य’ अशी विशेष शाखा घेणार असाल तर त्या शाखेची चालू सत्राची परवानगी डीईबीच्या यादीत स्वतः बघितल्याशिवाय पैसे भरू नका. ज्यांना घर सोडता येतं त्यांनी तुळजापूरच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या परिसराचा विचार जरूर करावा. ते शिक्षण नियमित पद्धतीचं आहे, पण आपल्याच मातीतलं आहे.

एबीसी, डीईबी आणि ओटीपी

2024-25 पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशाला डीईबी आयडी सक्तीचा आहे, आणि तो काढायला आधी एबीसी आयडी लागतो. एबीसी म्हणजे अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. बारा अंकी क्रमांक, डिजिलॉकरमधून आधारच्या जोरावर मिळतो. तो घेऊन डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यार्थ्याचा आयडी तयार करायचा, मग विद्यापीठाचा अर्ज. दोन्ही आयडी एकदाच काढायचे असतात आणि त्यांना पैसे पडत नाहीत. दुकानदार मेहनतीचे घेतो ते वेगळं.

घोळ होतो तो नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. ‘जयश्री’चं इंग्रजी स्पेलिंग दोन्हीकडे वेगळं. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव, गुणपत्रिकेवर माहेरचं. नुसता क्रम उलटा असेल तर सहसा निभावतं. स्पेलिंग किंवा जन्मतारीख वेगळी असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग एबीसी काढा. लग्नाने नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र जोडा. जिल्ह्याच्या रकान्यात ‘औरंगाबाद’, ‘उस्मानाबाद’ दिसलं तर तेच निवडा, यादी जुनी असते. त्यासाठी जुने दाखले बदलून आणायची गरज नाही.

आणि मोबाइल नंबर स्वतःचा द्या. नेट कॅफेत घाई असते, दुकानदार आपलाच नंबर आणि ईमेल टाकून मोकळा होतो. पुढे हॉलतिकीट, निकाल, पासवर्ड सगळं त्याच्याकडे जातं, आणि वर्षभराने दुकान उठलेलं असतं.

कागद आणि फी

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवीच्या सगळ्या सत्रांच्या, आधार, फोटो, सही हे सगळीकडे लागतं. इग्नूला फोटो आणि सही प्रत्येकी 100 केबीच्या आत, बाकी कागद 200 केबीच्या आत. मोबाइलने काढलेले फोटो यात बसत नाहीत, स्कॅन करून लहान करावे लागतात. काही विद्यापीठं स्थलांतर प्रमाणपत्र मागतात, काही शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. माहितीपत्रकात लिहिलं असेल तरच काढा. ओबीसींनी एक लक्षात ठेवावं: इग्नूसारख्या केंद्रीय संस्थेला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो, राज्याचा नॉन-क्रिमीलेअर तिथे परत येतो. हे काम सेतूतून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे जातं, म्हणून प्रवेशाच्या शेवटच्या आठवड्यावर सोडू नका.

फी विद्यापीठाच्या संकेतस्थळावरूनच भरा आणि पावती ईमेलवर आली का बघा. कुणाच्या खासगी यूपीआयवर गेलेला पैसा विद्यापीठाच्या दृष्टीने भरलेलाच नसतो.

कॉलेजात बी.ए.-बी.एस्सी. चालू असेल तरी दुसरी पदवी ऑनलाइन किंवा दूरस्थ घेता येते. 2022 पासून यूजीसीने एका वेळी दोन पदव्यांना मुभा दिली आहे. क्षेत्रकार्य आणि कॉलेजची हजेरी यांचं जमवणं तुमच्याकडे. इग्नूत प्रवेश झाला असेल तर दुसऱ्या वर्षाची पुनर्नोंदणी पहिल्या वर्षाच्या निकालाची वाट न बघता करायची असते. निकालासाठी थांबणाऱ्यांची मुदत निघून जाते आणि सत्र हुकतं.