भरतीला नाही म्हटलं म्हणून गावं जाळली : १९१७ च्या आधीचं आणि नंतरचं

धुळे-जळगावकडं पहाटे कुठल्याही रस्त्याला लागा, भरतीसाठी पळणारी पोरं दिसतातच. त्यामुळं "आम्हाला भरती नको" म्हणून कोणी बंदूक उचलली असेल हे आपल्याकडं लवकर पटत नाही. पण पहिल्या महायुद्धात आपल्याच देशात हे झालंय.

तेव्हा भारतीयांवर सक्तीच्या भरतीचा कायदा नव्हता, कागदोपत्री सगळे राजीखुशीनंच जात होते. प्रत्यक्षात वरून आकडा यायचा आणि संस्थानिकानं, गावच्या प्रमुखानं माणसं मोजून द्यायची. १९१७ ला फ्रान्समध्ये रस्ते करायला, माल वाहायला लेबर कोर (मजुरांची तुकडी) हवी होती आणि त्यासाठी नजर गेली डोंगरातल्या आदिवासींवर. ओडिशातल्या मयूरभंजचे संथाळ आदिवासी उठले, फौज घालून त्यांना दाबलं.

डोंगरातल्या आदिवासींना पलटणीत घ्यायची सरकारची रीत खान्देशात जुनीच. मराठेशाहीच्या शेवटी भिल्लांना गोडीनं बोलावून कापल्याचे प्रकार झाले होते, म्हणून १८२५ ला धरणगावला आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्ल पलटण काढायला घेतली तेव्हा अफवा उठली की एका ओळीत उभं करून मारणार आहेत, आणि लोक पळायला लागले. मग मालेगावला जुन्या पलटणीतल्या वरच्या जातीच्या शिपायांनी या भिल्लांना पानसुपारी दिली, तेव्हा कुठं थोडा भरवसा बसला. आउट्रमचं हे कौतुक सगळे सांगतात, त्याच्या आधी त्यानंच डोंगरात घुसून भिल्लांवर हत्यार चालवलं होतं ते मात्र कोणी सांगत नाही. आणि सरकारी नोकरीत सेंधवा घाट राखणारा भिल्लांचा खाज्या नाईकच १८५७ ला उलटला, सरकारी खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीची लढाई झाली आणि पकडलेल्यांपैकी पन्नासहून जास्त जणांना चौकशीचं नाटक करून गोळ्या घातल्या.

मणिपूरच्या डोंगरातल्या कुकी जमातीचं प्रकरण याहून मोठं. घरपट्टी माफीचं आमिष दाखवूनही प्रमुखांनी माणसं द्यायला नकार दिला, कारण साहेबाचं ओझं वाहायची वेठ त्यांना आधीच माहीत होती, त्यात समुद्रापलीकडून माणूस परत येईल याची खात्री कोण देणार. ऑक्टोबर १९१७ मध्ये पोलिटिकल एजंट (संस्थानातला इंग्रज सरकारचा माणूस) हिगिन्सनं कुकींचं मोंबी गाव जाळलं आणि मग भडकलंच. गावोगाव निरोप गेला तो जळक्या लाकडाला बांधलेल्या मिरचीनं, म्हणजे लढाईला निघा. तोफा कसल्या, तर मिथुनाच्या (डोंगरातलं गाईम्हशीसारखं जनावर) कातड्याच्या, घरी बनवलेल्या. बंदुकाही ठासणीच्याच. तरी दोन हिवाळे हे लोक भिडले.

सरकारनं समोरासमोर लढण्यापेक्षा पोटावर मारलं. गावं जाळली, धान्याची कोठारं जाळली, मिथुन मारले, पेरणी होऊ दिली नाही, बायकापोरांना पहाऱ्यातल्या वस्त्यांमध्ये आणून कोंबलं. मला विचाराल तर हे सगळ्यात वाईट, पण सरकारी अहवालात त्याला नुसतं "ऑपरेशन" म्हटलंय, खर्च २८ लाख रुपये.

१९१९ ला सगळं थंडावलं. प्रमुखांना आसामातल्या सदियाला आणि ब्रह्मदेशातल्या तौंगीला नेऊन ठेवलं, डोंगरात चुराचांदपूर, तामेंगलाँग, उखरूल अशी नवी ठाणी बसवली. आणि फ्रान्सचे रस्ते करायला नाही म्हणणाऱ्या याच लोकांना शिक्षा काय, तर या ठाण्यांकडं जाणाऱ्या खेचरवाटा खणून द्यायच्या.