लेवींची मोजदाद झालीच नव्हती?

बायबलमधल्या इस्राएलच्या बाकी वंशांची शिरगणती झाली, लेवींना, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशाला, मात्र त्यातून वगळलं, असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धंच खरं आहे. बायबलच्या ‘गणना’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात लेवींना मोजू नको अशी आज्ञा आहे खरी, पण ती गणती होती लढाईसाठी. वीस वर्षांवरचे, शस्त्र धरू शकणारे पुरुष तेवढे मोजले आणि आकडा आला 6,03,550. म्हणजे ही एकूण लोकसंख्याही नव्हे; बायका, मुलं त्यात नाहीत. योसेफाच्या एफ्राईम आणि मनश्शे या दोन मुलांचे वेगळे वंश धरल्यामुळे लेवींशिवायही इस्राएलचे बारा वंश भरतात.

तिसऱ्या अध्यायात लेवी मोजलेच आहेत, तेही एक महिन्याच्या मुलापासून! कारण त्यांना इतर वंशांतल्या प्रथमजन्मलेल्या मुलांच्या जागी देवाच्या सेवेला घ्यायचं होतं. लेवी 22,000, प्रथमजन्मलेले 22,273. वरच्या 273 जणांसाठी माणशी पाच शेकेल (चांदीचं वजन), असे 1,365 शेकेल रोख भरून घेतले. हिशेब चोख! मात्र लेवींच्या तीन घराण्यांचे (गेर्षोनी, कहाथी, मरारी) आकडे स्वतः मिळवून पाहिले तर बेरीज 22,300 येते. यावर अभ्यासक जुन्या काळापासून वाद घालत आले आहेत.

चौथ्या अध्यायात तिसरी मोजणी आहे, तीस ते पन्नास वयाच्या कामकऱ्यांची: 8,580. निवासमंडपाचे, म्हणजे उपासनेच्या तंबूचे, पडदे गेर्षोनींकडे, फळ्या-खांब मरारींकडे. त्यांना बैलगाड्या मिळाल्या, दोन आणि चार. कहाथींना एकही नाही; पवित्र वस्तू खांद्यावरूनच न्यायच्या होत्या.