विल्सन महाविद्यालय, मुंबई

गिरगाव चौपाटीसमोरील जुने महाविद्यालय. स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन (१८०४–१८७५) यांनी १८३२ मध्ये गिरगावातील आंब्रोली येथे काढलेल्या इंग्रजी शाळेतून ते वाढले. विल्सन १८२९ मध्ये मुंबईत आले आणि मराठी शिकले. त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनी मुलींसाठी मराठी शाळा चालवल्या. १८३५ मध्ये मार्गारेट यांचे निधन झाले.

शाळेचा हेतू उघडच धर्मप्रसाराचा होता. पालकांना मात्र हवे होते इंग्रजी. हे दोन हेतू फार काळ एका छपराखाली सुखाने नांदणे कठीणच होते. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी हे पारशी तरुण ख्रिस्ती झाले. पारशी समाजात खळबळ उडाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले. मग त्याला जातीत परत घ्यावे की नाही, यावरून मुंबईत मोठा वाद पेटला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याच्या शुद्धीचा पक्ष घेतला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाले. जालन्याजवळची बेथेल ही वसाहत त्यांनीच उभारली.

१८४३ मध्येच स्कॉटलंडमधील चर्च दुभंगले. विल्सन व त्यांचे सहकारी त्यातून फुटून निघालेल्या फ्री चर्चकडे गेले आणि मुंबईतली संस्थाही त्यांच्याबरोबर त्या चर्चच्या छत्राखाली आली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाल्यावर महाविद्यालय त्याला संलग्न झाले. विल्सन स्वतः या विद्यापीठाचे कुलगुरू होते. गिरनारच्या अशोककालीन शिलालेखांच्या अभ्यासातही त्यांचा वाटा आहे. संस्थापकाचे नाव पुढे महाविद्यालयाला मिळाले. चौपाटीवरची गॉथिक धाटणीची इमारत १८८९ मध्ये पूर्ण झाली. तिचा आराखडा जॉन अ‍ॅडम्स यांचा.

धर्मांतरे मोजकीच झाली. मिशनच्या हिशेबाने हे अपयशच, पण विद्यार्थ्यांची यादी वेगळेच सांगते : मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर आणि भारताचे पंतप्रधान मोरारजी देसाई इथलेच. हिंदू धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे हेही याच ख्रिस्ती महाविद्यालयाचे विद्यार्थी.