शिक्रा की पावशा? छातीवरच्या पट्ट्यांना भुलू नका

फाल्गुन सरत आला की टेकडीवरची झाडं उघडी पडतात. पळस-पांगारे फुललेले, बाकीच्या फांद्या मोकळ्या, चैत्रपालवी अजून फुटायची असते. पक्षी बघायला आणि कॅमेऱ्यात टिपायला मला याच्याइतके चांगले दिवस दुसरे वाटत नाहीत. पुण्याची वेताळ टेकडी असो की बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, एक प्रसंग हमखास घडतो. कबुतराएवढा, पाठीवर राखाडी, छातीवर तांबूस छटा आणि शेपटीवर आडवे पट्टे असलेला पक्षी समोर येऊन बसतो. आजूबाजूचे बुलबुल एकच कालवा करतात. कुणीतरी हळूच म्हणतं, "शिक्रा!", म्हणजे छोटे पक्षी उचलणारा शिकारी पक्षी. आणि पुष्कळदा तो पावशा असतो.

माझ्या संग्रहातही असा एक फोटो दोन वर्षं शिक्रा म्हणून पडून होता. एकदा मोठा करून बघितला, तेव्हा चोच सरळ दिसली.

ही चूक केवळ आपलीच होते असं नाही. बुलबुल ओरडतात, कारण तेही फसतात. पावशा कोकिळेच्या कुळातला. तो स्वतःचं घरटं बांधत नाही, मादी सातभाई नावाच्या पक्ष्यांच्या घरट्यात अंडं घालते. अंडं निळं, सातभाईंच्या अंड्यासारखंच. पिल्लाला वाढवायचं काम सातभाई करतात. शिकारी पक्ष्याचं हे रूप अंडं घालताना मादीच्या कामी येत असावं, असं मानलं जातं. म्हणजे रंग आणि पट्टे ही या पक्ष्याची फसवायची बाजू. तिथूनच ओळख सुरू केली तर आपण फसणारच. म्हणून मी नवीन येणाऱ्यांना सांगतो, छाती शेवटी बघा, आधी चोच आणि पाय बघा.

शिक्र्याची चोच आखूड आणि मुळापासूनच खाली वळलेली असते, मांस फाडण्यासाठी घडलेली. चोचीच्या बुडाशी, नाकपुड्यांपाशी, मेणासारखी पिवळी कातडी असते. फोटोत ती स्पष्ट येते. पावशाची चोच त्यामानाने लांब, बारीक, पिवळसर हिरवट, टोकाला किंचित वाकलेली. तिचं काम वेगळं आहे. पावशाचं मुख्य खाणं म्हणजे अळ्या, त्यातही केसाळ अळ्या. त्या तो चोचीत दाबून, फांदीवर घासून आतलं विषारी आतडं बाहेर काढतो आणि मग गिळतो. हे एकदा जवळून बघायला मिळालं, तर त्याला पुन्हा कुणी शिकारी पक्षी म्हणणार नाही. शिक्रा मात्र सरडे, छोटे पक्षी, कधी खारसुद्धा उचलतो.

पायांतही तोच फरक. शिक्र्याचे पाय उंच, पिवळे, तीन बोटं पुढे, एक मागे, नख्या अणकुचीदार. पावशाचे पाय आखूड, पोटाच्या पिसांत जवळजवळ लपलेले, दोन बोटं पुढे आणि दोन मागे. त्यामुळे बसण्याची ढबही बदलते. शिक्रा ताठ उभा असतो. पावशा बहुतेक वेळा पुढे झुकून, पंख जरा खाली सोडून बसतो आणि फांदीवर उतरल्यावर शेपटी डावी-उजवीकडे हलवतो.

डोळ्यांवर फार विसंबू नका. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळी कडा असते आणि मोठ्या नर शिक्र्याचा डोळा लालभडक असतो, हे खरं. पण शिक्र्याच्या पिल्लाचा डोळाही पिवळाच. शिवाय दोघांची पिल्लं पाठीवर तपकिरी आणि छातीवर ठिपके-रेघा असलेली. पिल्लांच्या बाबतीत तर चोच आणि पाय हाच आधार.

आवाज ऐकू आला तर प्रश्नच मिटतो. "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" ही हाक शेतकऱ्याला पेरणीची आठवण करून देते, असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलो. याच हाकेत इंग्रजांना "ब्रेनफिव्हर" ऐकू आलं, हिंदीवाल्यांना "पी कहाँ". प्रत्येक वेळी सूर वर चढतो, अगदी टोकाला जाऊन तुटतो आणि थोड्या वेळाने पुन्हा खालून सुरू होतो. चैत्रापासून पावसापर्यंत हे चालतं, चांदण्या रात्रीसुद्धा. हिवाळ्यात तो गप्प असतो, म्हणून दिसत नाही असं वाटतं. शिक्र्याची हाक तीक्ष्ण, दोन सुरांची, "टी-टुई". इथे मात्र कोतवाल पक्ष्यापासून सावध राहा. तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो.

फोटो काढताना एक सवय लावून घ्या. समोरून कितीही देखणा फोटो मिळाला, तरी एक फोटो बाजूने घ्या, चोच आणि पाय दिसतील असा. समोरून चोचीचा वाक कळतच नाही. शेंड्यावर बसलेल्या पक्ष्यामागे आभाळ उजळलेलं असेल, तर एक्स्पोजर थोडं वाढवा, नाहीतर छाती काळीठिक्कर येते. उडताना दिसला तर पंख बघा: शिक्र्याचे आखूड आणि टोकाला गोलसर, पावशाचे लांब आणि निमुळते.

आणि मोबाइलवर पावशाची हाक वाजवून त्याला बोलावू नका. तो येतो, कारण आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं त्याला वाटतं. ऐन विणीच्या दिवसांत त्याचा वेळ आणि ताकद आपल्या एका फोटोपायी जाते. शिक्र्याचं घरटं सापडलं तरी लांबच राहा. मार्च ते जून हा त्याचा अंडी-पिल्लांचा काळ. आपल्यामुळे मादी उठली तर अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात.

पाऊस लागल्यावर त्याच टेकडीवर पुन्हा एक फेरी मारा. सातभाईंचा कलकलाट चालू असेल. मध्येच एक सातभाई चोचीत किडा घेऊन फांदीवर जातो आणि त्याच्याहून मोठं, पट्टेरी शेपटीचं एक पिल्लू तोंड वासून, पंख थरथरवत त्याच्याकडे सरकतं.