कोळ्याच्या रेशमाचे घोडे कुठे अडले?

कोळी पाळून रेशीम काढता येत नाही. एकत्र ठेवले की ते एकमेकांना खातात. २००९ मध्ये मादागास्करच्या कोळ्यांच्या धाग्याचे सोनेरी वस्त्र न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनात मांडले गेले. त्यासाठी दहा लाखांहून अधिक जंगली कोळी पकडावे लागले आणि चार वर्षे गेली. वजनाच्या मानाने पोलादाला मागे टाकणारा हा धागा हवा असेल, तर तो दुसऱ्या कुणाकडून तरी करवून घ्यायला हवा होता.

१९९० मध्ये वायोमिंग विद्यापीठात रँडी लुईस यांच्या गटाने या धाग्याच्या प्रथिनाचे जनुक अंशतः उलगडले आणि काम सोपे वाटू लागले. कॅनडाच्या नेक्सिया कंपनीने ते जनुक शेळ्यांमध्ये घातले, म्हणजे प्रथिन दुधातून मिळेल. त्या शेळ्यांचे जगभर कौतुक झाले. पण दुधातले प्रथिन वेगळे काढणे महाग होते आणि त्यातून ओढलेला धागा कोळ्याच्या धाग्याइतका मजबूत नव्हता. कंपनीने हा नाद सोडला, शेळ्या लुईस यांच्याकडे गेल्या.

हेच जनुक जिवाणूंत घालून त्यांना टाकीत वाढवायचे म्हटले, तरी अडचण होतीच. हे प्रथिन प्रचंड लांब, त्यात ग्लायसिन आणि अ‍ॅलानिन या अमिनो आम्लांची तीच तीच पुनरावृत्ती. जिवाणूचा ग्लायसिनचा पुरवठा अपुरा पडतो आणि साखळी मध्येच तुटते. २०१० मध्ये कोरियातल्या संशोधकांनी जिवाणूत तो पुरवठा वाढवून पूर्ण लांबीचे प्रथिन तयार केले.

पण प्रथिन म्हणजे धागा नव्हे, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. कोळ्याच्या ग्रंथीत प्रथिनाचे दाट द्रावण असते. नळीतून पुढे जाताना त्यातले क्षार बदलतात, आम्लता वाढते, ओढ बसते आणि रेणू एका दिशेने लागून घट्ट होतात. हे सगळे साध्या तापमानात, पाण्यातच घडते. कारखान्यात मात्र कित्येकदा तीव्र द्रावके वापरावी लागली.

जपानच्या स्पायबर कंपनीला दुसराच फटका बसला. तिच्या धाग्याचे ‘मून पार्का’ हे जॅकेट २०१५ मध्ये दाखवले गेले, पण कोळ्याचे रेशीम पाण्यात भिजले की आक्रसते. पावसात घालायच्या जॅकेटला हे कसे चालेल? प्रथिनाची रचना बदलावी लागली. २०१९ मध्ये दीड लाख येनला एक या भावाने अवघे ५० पार्का विक्रीला आले. अमेरिकेच्या बोल्ट थ्रेड्सनेही २०१७ मध्ये ३१४ डॉलरचे ५० टायच विकायला काढले होते. पुढे ही कंपनी याच प्रथिनाकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी वळली. तिथे धागा ओढावा लागत नाही आणि थोड्याशा मालालाही चांगला भाव मिळतो. हिशोबाने हे बरोबरच, पण कापडाचे स्वप्न मागे पडले याची हळहळ वाटते.

दुसरी वाट रेशीमकिड्याची. त्याला सूत कातायचे शिकवावे लागत नाही. किड्यातच कोळ्याचे जनुक घालायचे, ही वाट अमेरिकेच्या क्रेग कंपनीने धरली. २०१२ च्या सुमारास अशा किड्यांच्या कोषात कोळ्याच्या प्रथिनाचा अंश थोडाच होता. २०२३ मध्ये शांघायच्या डोंगहुआ विद्यापीठातील संशोधकांनी किड्याच्या स्वतःच्या जनुकाच्या जागी कोळ्याचे जनुक बसवून पूर्ण लांबीच्या प्रथिनाचा धागा मिळवला. टाकीचा आणि द्रावकांचा खर्च यात नाही. मात्र रोगमुक्त अंडीपुंज, बारमाही तुतीचा पाला आणि बदललेला वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकवणे, हे सगळे त्याच्या जागी येते.